किती वेळ, ते सांगा

"आजकालच्या मुलांना धीर नाही." गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका सत्कार समारंभात एक निवृत्त कॅप्टनसाहेब हे बोलले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत माझे काही आजी-माजी विद्यार्थी बसले होते. सगळ्यांच्या खिशात सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, आणि एकालाही नोकरी नाही. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. वडीलधारा माणूस बोलतोय म्हटल्यावर मुले दुसरे काय करणार?

साहेबांचे म्हणणे थोडक्यात असे. दोनशे तास विमान उडवले की या मुलांना लगेच एअरबसची खुर्ची हवी असते. आम्ही वर्षानुवर्षे वाट पाहिली, कुरकुर केली नाही. महत्त्वाकांक्षा जरूर ठेवा, पण उतावीळ होऊ नका. देशात शेकडो विमाने येत आहेत, आशा सोडू नका. ज्याच्यात दम आहे त्याला काम मिळतेच.

कॅप्टनसाहेबांनी आयुष्यभर हजारो प्रवासी सुखरूप उतरवले. त्या अनुभवापुढे मी नम्र आहे. पण गेली बावीस वर्षे मी याच मुलांना ग्राउंड क्लासमध्ये नॅव्हिगेशन आणि हवामानशास्त्र शिकवतो आहे, त्यांच्या आईवडिलांशी बोलतो आहे, आणि त्या दिवशीचे भाषण मला मुळातून चुकीचे वाटते. त्यात भावनेची चूक नाही, हिशेबाची आहे.

आधी धीराचेच पाहू. सीपीएल मिळवायला काय लागते? डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे पेपर, प्रत्येकात किमान सत्तर टक्के. रेडिओची वेगळी परीक्षा. क्लास वन मेडिकल. मग २०० तासांचे उड्डाण. त्यातले १०० तास स्वतः पायलट-इन-कमांड म्हणून, रात्रीची उड्डाणे, आणि एक ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री, तीही वाटेत दोन परक्या विमानतळांवर पूर्ण उतरून. कागदावर हे सगळे दीड वर्षात बसते. माझ्या वर्गातल्या कित्येकांना तीन वर्षे लागली. पावसाळ्यात ढग खाली आले की उड्डाण बंद. हिवाळ्यात सकाळी धुके. विमान दुरुस्तीला गेले, सुटा भाग यायचा आहे. इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून एअरलाइनमध्ये गेला, दुसरा मिळेपर्यंत थांबा.

बारामती असो, धुळे असो की गोंदिया, फ्लाइंग स्कूलच्या शेडबाहेरची पहाट कधीतरी जाऊन पाहा. साडेपाच वाजता मुले आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली असतात. समोर फळा, फळ्यावर नावे. वाऱ्याचा मोजा लटकलेला आहे की फुगलेला, याकडे सगळ्यांचे डोळे. नऊ वाजता कुणीतरी येऊन फळ्यावरची शेवटची सहा नावे पुसतो. ती सहा मुले काही न बोलता खोलीवर परततात आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा हजर होतात. असे सलग अकरा दिवस बसलेली एक मुलगी मला माहीत आहे. बाराव्या दिवशी तिला पन्नास मिनिटे मिळाली. या मुलांना धीर नाही असे कुणी माईकवरून म्हणाले की मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

साहेब म्हणतील, ते शिक्षण झाले. खरा धीर त्यानंतर लागतो. बरोबर. त्यानंतरचेच बोलू.

माझ्याकडे एक मुलगा येतो, लातूरकडचा. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. परवाना मिळून त्याला तीन वर्षे होत आली. परवा त्याने त्याची लॉगबुक माझ्या टेबलावर ठेवली. शाळेच्या पुस्तकाला घालतात तसे तपकिरी कागदाचे कव्हर, कोपरे नीट दुमडलेले. आतल्या नोंदी एका हाताच्या, एका शाईच्या: तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणी, कुठून कुठे, किती मिनिटे. सुरुवातीची पाने दाट आहेत, एका दिवशी दोन-दोन ओळी. परवान्याच्या तारखेनंतर पाने एकदम विरळ होतात. वर्षात चार ओळी, पाच ओळी. त्या ओळी कसल्या? इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या नूतनीकरणाच्या. त्या रेटिंगची मुदत वर्षभराची असते. ती संपू द्यायची नसेल तर दर वर्षी पुन्हा विमान भाड्याने घ्या, चाचणी द्या. मल्टि-इंजिनवर द्यायची तर तासाचा दर आणखी कितीतरी पट. मेडिकलही दर वर्षी. दोन्ही चालू नसले तर एअरलाइनच्या जाहिरातीला अर्जसुद्धा करता येत नाही, आणि जाहिरात कधी येईल हे कुणी सांगत नाही. म्हणजे न आलेल्या जाहिरातीसाठी दर वर्षी पैसे भरून तयार राहायचे.

मी त्या पानांवर पेन्सिलीने बेरीज केली. तीन वर्षांत या मुलाने फक्त वाट पाहण्यासाठी जो खर्च केला, त्यात त्याच्या बहिणीचे इंजिनीअरिंग झाले असते. परवान्याचा खर्च वेगळाच. तो हल्ली साधारण ४० ते ६० लाखांच्या घरात जातो, त्यावर टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक प्रकारच्या विमानाच्या प्रशिक्षणाचे, १५-२० लाख, आणि कर्जाचे हप्ते नोकरीची वाट पाहत थांबत नाहीत.

साहेबांच्या भाषणातून निसटला तो हा मुद्दा. वकिलीत, लेखनात, संगीतात माणूस वाट पाहतो तेव्हा घरी बसून रियाज करू शकतो. इथे वाट पाहण्याला मीटर लावलेला आहे, आणि तो टॅक्सीच्या मीटरसारखा उभ्या जागीही पळतो. त्यामुळे 'धीर धरा' हा सल्ला या धंद्यात स्वभावाला दिला जात नाही, बँकेतल्या शिलकीला दिला जातो. ज्याच्या वडिलांचा पुण्यात दुसरा फ्लॅट आहे तो सहा वर्षे धीर धरू शकतो. शिक्षकाचा मुलगा तीन वर्षे. शेतकऱ्याची मुलगी कदाचित एकच. मग सहा वर्षांनी पहिला खुर्चीत बसला की आपण म्हणायचे, बघा, चिकाटीचे फळ!

विमान चालवणाऱ्या माणसाने असा सल्ला द्यावा याचे मला जास्त वाईट वाटते. कारण वाट कशी पाहायची आणि कशी पाहायला लावायची, याचे सगळ्यात प्रामाणिक नियम विमानविद्येनेच घालून दिलेले आहेत. मी ते दर वर्षी फळ्यावर काढतो. उतरायला जागा नसली की कंट्रोलर विमानाला होल्डिंगमध्ये पाठवतो. शर्यतीच्या मैदानासारखा लांबट आकार, एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, पुन्हा वळण. चार मिनिटांचा एक फेरा. पण नुसते 'फिरत राहा' असे म्हणून कंट्रोलर मोकळा होत नाही. तो वेळ सांगतो: अमुक वाजता तुम्हाला उतरण्यासाठी बोलावणे अपेक्षित आहे. उशीर वाढला की सुधारलेली वेळ सांगतो. ती वेळ ऐकून पायलट इंधनाचा हिशेब करतो. जेटमध्ये शेवटचा राखीव साठा तीस मिनिटांचा. त्याला हात लागणार असे दिसले की 'मेडे फ्युएल' म्हणायचे, आणि ते म्हणणाऱ्याला कुणी उतावीळ म्हणत नाही. उलट इंधन संपत आले असताना जो गप्प राहतो, त्याच्याकडून लायसन्स काढून घ्यावे इतका तो गुन्हा मोठा.

मग याच व्यवसायाच्या दारात उभ्या असलेल्या बावीस-चोवीस वर्षांच्या मुलांना आपण वेळ न सांगता होल्डिंगमध्ये कसे टाकतो? आणि ते 'इंधन संपत आले' म्हणाले की त्यांना धीर नाही असे कसे म्हणतो?

'आमच्या काळी आम्हीही थांबलो' याला माझे उत्तर सोपे आहे. हे वाक्य म्हणायला व्यासपीठावर तेच उरतात जे थांबून पोचले. न पोचलेल्यांचा सत्कार होत नाही, त्यामुळे त्यांचे भाषणही होत नाही. मी त्या दुसऱ्या गटातला. माझा परवाना २००१ चा. त्या वर्षी सप्टेंबरमधल्या अमेरिकेवरच्या हल्ल्यांनंतर जगभर विमानकंपन्या हात आखडून बसल्या. एका कंपनीने मला मुलाखतीला बोलावले, लेखी परीक्षा झाली, 'कळवू' म्हणाले, आणि आजतागायत कळवले नाही. मी दोनदा रेटिंग नूतनीकरण केले. तिसऱ्या वेळी वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड संपला होता. २००४ मध्ये मी शिकवायला लागलो. पुढच्याच वर्षी, २००५ च्या मे महिन्यात, स्पाइसजेट आणि किंगफिशर सुरू झाल्या, २००६ मध्ये इंडिगो. माझ्यानंतर परवाना मिळालेल्या मुलांना घरी फोन करून बोलावणी आली.

साहेब म्हणतील, बघा, एक वर्ष धीर धरला असता तर! हो, साहेब. पण ते एक वर्ष आहे हे २००४ मध्ये मला कुणी सांगितले होते? आणि त्याच तेजीत भुलून ज्यांनी कर्जे काढली, त्यांचे परवाने आले तोवर २००८ ची मंदी आली. किंगफिशरचे उड्डाण ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबले, जेट एअरवेजचे एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्टचे मे २०२३ मध्ये. दर वेळी हजारो तासांचे अनुभवी पायलट बाजारात आले आणि दोनशे तासवाली मुले रांगेत आणखी मागे ढकलली गेली. मधे २०२० मध्ये दोन महिने देशातले एकही नियमित प्रवासी विमान उडाले नाही. यातल्या कुठल्या घटनेत या मुलांचा दम कमी पडला?

आता तो दुसरा दावा: देशात वैमानिकांची टंचाई आहे, त्यामुळे ज्याला काम नाही त्याच्यातच काहीतरी खोट असणार. अर्धी माहिती किती क्रूर होऊ शकते याचा हा नमुना आहे. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी जाहीर केली, त्याच जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ३०,००० वैमानिक लागतील असे केंद्रीय मंत्र्यांनी सांगितले. हे आकडे खरे आहेत. पण मागवलेले विमान उद्या दारात उभे राहत नाही, त्याला वर्षे लागतात. आणि टंचाई आहे ती मुख्यतः कॅप्टनांची, त्यातही शिकवू शकणाऱ्या ट्रेनिंग कॅप्टनांची. कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे सीपीएलच्या वरचा परवाना, लागते, त्यासाठी किमान १,५०० तास. नव्या को-पायलटला टाइप रेटिंगनंतरही लाइनवर ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसवून तयार करावे लागते. बाटलीत पाणी भरपूर असले तरी मान अरुंद असेल तर धार तेवढीच पडणार. डीजीसीएने २०२० मध्ये ५७८ सीपीएल दिली, २०२३ मध्ये १,६२२. पाणी तिपटीच्या जवळ गेले. मान तेवढ्या वेगाने रुंदावली का, हा प्रश्न मुलांना विचारायचा नसतो.

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा आठवा. इंडिगोची उड्डाणे रद्द होत गेली, ५ तारखेला तर एका दिवसात हजाराहून अधिक. विमानतळांवर लग्नाची वऱ्हाडे आणि परीक्षार्थी जमिनीवर झोपले. कारण काय, तर वैमानिकांच्या ड्यूटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले आणि रोस्टरला माणसे पुरेनात. हे नियम रातोरात आले नव्हते, जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. जवळजवळ दोन वर्षे हातात होती. ती दोन वर्षे माझ्या वर्गातली मुले घरी बसून मेडिकलचे पैसे भरत होती. माणसे कमी पडतात म्हणून उड्डाणे रद्द होतात आणि त्याच शहरात तयार माणसे रिकामी बसतात, हे एकाच वेळी घडू शकते याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा मी देऊ शकत नाही.

कुणी अमेरिकेचा दाखला देतो. तिथे २००९ मध्ये कोलगन एअर या कंपनीच्या विमानाला झालेल्या अपघातानंतर कायदा झाला आणि एअरलाइनच्या को-पायलटलासुद्धा साधारणपणे १,५०० तास लागू लागले. तिथली मुले थांबतात ना! थांबतात, पण रिकामी थांबत नाहीत. परवाना मिळाला की बहुतेक जण इन्स्ट्रक्टर होतात, कुणी मालवाहू छोटी विमाने उडवतो, कुणी शेतावर फवारणी, कुणी पर्यटकांना फिरवतो. पगार तुटपुंजा असेल, पण तास वाढतात आणि कुणीतरी ते तास विकत घेते. त्या देशात छोट्या विमानतळांचे जाळे आहे, म्हणून धीर खर्च करायला जागा आहे. आपल्याकडे दोनशे तास आणि एअरलाइन यांच्या मध्ये जवळजवळ मोकळे रान आहे. इन्स्ट्रक्टरच्या जागा मोजक्या, चार्टर कंपन्यांना अनुभवी माणूस हवा. अमेरिकेचा धीर उसना आणायचा तर तिथली ती छोटी विमानेही आणायला हवीत.

आणि एक विषमता, जिच्याबद्दल समारंभात कुणी बोलत नाही. नियमाप्रमाणे कॅप्टनला नोकरी सोडताना एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, को-पायलटला सहा महिन्यांची. युक्तिवाद असा की पायलट तयार करायला वेळ लागतो, कंपनीला नियोजन करता आले पाहिजे, प्रवाशांचे हाल होऊ नयेत. मला हा युक्तिवाद पटतो. पण नियोजनाचा हक्क एकाच बाजूला का? चाळणीत उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला 'तुला अमुक महिन्यापर्यंत बोलावू, नाहीतर तू मोकळा' एवढे लेखी देण्याचे बंधन कुठल्याही कंपनीवर का नाही? यादीत नाव आहे की नाही, यादी जिवंत आहे की मेली, हे कळायला मुलाने कुणाच्या तरी ओळखीच्या को-पायलटला व्हॉट्सअॅप का करावे?

साहेबांचे एक म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. उतावीळपणाला या कामात जागा नाही. पुढे ढग आहे, मागे घाई आहे, अशा वेळी जो परत फिरतो तोच पायलट. २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघड झाली, अटका झाल्या. त्या लोकांनी आपल्या सगळ्यांची मान खाली घातली. गणवेशाचे फोटो आणि पगाराचे आकडे पाहून येणारी मुलेही माझ्या वर्गात येतात. त्यांना मी पहिल्याच आठवड्यात विंड ट्रँगल सोडवायला देतो आणि काही जण दुसऱ्या आठवड्यात येत नाहीत, ते ठीकच. पण ही मुले ते आकडे स्वप्नात पाहून आलेली नसतात. ते कुणीतरी छापलेले असतात. '३०,००० वैमानिक हवेत' ही ओळ मोठ्या अक्षरात छापणारे फी घेतात त्या दिवशी आशा विकतात, आणि परवाना हातात पडल्यावर तीच मुले विचारायला गेली की धीराचा उपदेश करतात. विकताना महत्त्वाकांक्षा हा गुण आणि विचारताना तोच दोष?

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक फ्लाइंग स्कूलने प्रवेश देताना मागच्या पाच वर्षांत किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांचा परवाना किती महिन्यांत झाला आणि किती जण आज कुठे उडवत आहेत, हे फीच्या पावतीइतक्या ठळकपणे द्यावे. एअरलाइनने वर्षाची भरती तिमाहीनुसार जाहीर करावी, चुकली तर सुधारलेली तारीख सांगावी, जशी कंट्रोलर सांगतो. बँकेने हप्त्याची सुरुवात परवान्यापासून न धरता पहिल्या पगारापासून किंवा ठरावीक वर्षांपासून धरावी. एवढे झाले तर थांबायला सांगण्याचा हक्क आम्हा वडीलधाऱ्यांना मिळेल, आणि मुले थांबतीलही. अकरा दिवस खुर्चीवर बसणाऱ्यांना थांबणे शिकवावे लागत नाही.

लातूरच्या मुलाचे मेडिकल मार्चमध्ये संपते. परवा लॉगबुक मिटून त्याने विचारले, "सर, अजून किती?" मी त्याला खोटी तारीख दिली नाही. वहीच्या मागच्या पानावर आम्ही दोघांनी मिळून फ्युएल प्लॅन लिहिला. शिल्लक किती, महिन्याचा हप्ता किती, आणखी एक नूतनीकरण झेपते का. झेपते, एकच. ते झाल्यावर पुढच्या मार्चपर्यंत होल्ड. त्यानंतर डायव्हर्ट. कुठे, ते आजच ठरवायचे, कारण अल्टरनेट विमानतळ जमिनीवर असतानाच लिहितात, हवेत नाही. त्याने फ्लाइट डिस्पॅचरचा अभ्यास सुरू करायचे ठरवले आहे. हवामान आणि नॅव्हिगेशन त्याचे आधीच पक्के आहे. "वडिलांना हे कसे सांगू? ते म्हणतील हरलास," तो म्हणाला. मी म्हणालो, फोन लाव, मी बोलतो. पलीकडून शांत आवाजात एवढाच प्रश्न आला, "म्हणजे सर, पुढच्या मार्चपर्यंत ना?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मग ठीक आहे. तेवढे जमवतो."